कवठाची शॅम्पेन

कवठ घेताना आमच्या अकोल्यात ते आधी जमिनीवर आपटून पाहतात. उसळी मारली तर कच्चं, धप्पकन बसलं तर पिकलं. एवढा मार खाल्लेलं फळ पुढे सरळ वागेल, अशी आशा धरू नये.

माझ्या भाच्यानं धरली. आल्याचा कीस साखरपाण्यात ठेवला की सालीवरचं यीस्ट जागं होतं, साखर खातं. किंचित अल्कोहोल आणि पुष्कळ कार्बन डायऑक्साइड सोडतं. हे विरजण त्यानं कवठाच्या गूळपाण्यात घालून बाटली बुचानं आवळली. वायूला वाट नाही, म्हणून तो पाण्यातच मुरतो. खऱ्या शॅम्पेनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो. तिच्याशी ज्याचं नाव जोडलं गेलं, तो दों पेरिन्यों नावाचा फ्रेंच साधू १७व्या शतकात हा फेस होऊच नये म्हणून झटत होता. आमच्या घरात एवढा विवेक कुठला!

महाशिवरात्रीला बाटली अमरावतीला ताईकडे निघाली. अकोला-अमरावती महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज विक्रम झाला होता. तो विक्रम नेमका कोणासाठी, ते मांडीवर बाटली धरून बसल्यावर कळलं.

ताईच्या घरी बूच उडालं. अर्धी शॅम्पेन पंख्यानं प्राशन केली.

उरलेली पेल्यांत आली. पिकल्या कवठाला मुळातच आंबूस वास, त्यात ही आंबवलेली. नाकाला कळेना की फळ कुठे संपलं आणि कृती कुठे सुरू झाली. जिभेवर मात्र आधी बारीक चुरचुर, मग गूळ, मग जबड्याच्या मागे एक तुरट कळ. मला आवडली. पण मत मांडायची सोय नव्हती, कारण तोवर मुख्य मुद्दा निघाला होता.

"उपासाले चालते का हे?" ताईनं विचारलं.

"कवठ चालते, गूळ चालते, आलं चालते," भाचा म्हणाला.

"अन् त्यातले जंतू?"

"ते साखरच खातात, मावशी. त्यांचाही उपासच हाय."

वर्धेहून आलेल्या मामी पेला हातात धरून थबकल्या. "आमच्या जिल्ह्यात दारूबंदी हाय बाप्पा."

"मामी, तुम्ही सध्या अमरावती जिल्ह्यात हा."

मामींनी कायद्याचा हा बारकावा मान्य करून पेला रिकामा केला. "जराशी पानचट हाय," त्या म्हणाल्या.

वऱ्हाडात पानचट म्हणजे फाशीची शिक्षा. लगेच डागडुजी सुरू झाली. ताईनं सैंधव टाकलं. भावजींनी जिरेपूड. मामींनी पुन्हा गूळ. फेस केव्हाच विझला होता. शेवटी कोणीतरी हिरवी मिरची वाटून आणली, पातळ झालं म्हणून आणखी एका कवठाचा गर कालवला, आणि भगरीसोबत ती शॅम्पेन सगळ्यांनी बोटानं चाटून संपवली. मामींनी तर दुसऱ्यांदा मागितली.

भाचा गप्प होता. ताईनं त्याच्या पाठीवर थाप मारली, "चांगली झाली हो राज्या. पुढच्या वर्षी आल्याचं पाणी नोको घालू फक्त."