शून्य शून्य शून्य शून्य

भंडारा पितळी भांड्यांचं गाव. फुटक्या घागरीला जोड देणाऱ्याची इथं पूर्वीपासून पत. त्या गादीवर सध्या काकाजी आहेत. प्रत्येक मोहल्ल्यात एक असतातच. जुन्या गाडीत कोणी पाच मिनिटं हातात मोबाईल घेऊन नुसतं बसलं, की ते काचेवर टकटक करतात. "काऊन जी, जुडत नाही का?"

माझी गाडी सेकंडहँड, बारा वर्षांची. काकाजी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, मी बाहेर उन्हात. आधी त्यांनी हँडब्रेक ओढला, कारण गाडीतले पुष्कळ जुने म्युझिक सेट गाडी चालू असताना ब्लूटूथची जोडणी करू देत नाहीत. मग निदान. जुन्या सेटच्या डोक्यात मोजकेच फोन मावतात; जागा भरली की पुष्कळदा तो नवा घेत नाही, अन् का घेत नाही तेही सांगत नाही. आमच्या यादीत आधीच्या मालकाचं अख्खं खानदान निघालं. काकाजींनी एकेक नाव पुसलं. "आता मोबाईलमधूनही गाडी पुसा. एकीकडून पुसून जमत नाही." मग माझ्या कानाशी येऊन, गुरुमंत्र द्यावा तसा जोडणीचा पिन म्हणाले, "शून्य शून्य शून्य शून्य. नाहीच झालं तर एक दोन तीन चार."

शोध चालू असताना काकाजी गप्प बसत नाहीत. ब्लूटूथ हे दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजाचं नाव, ते चिन्ह म्हणजे त्याचीच आद्याक्षरं, हे त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. "दात किडला होता म्हनते त्याचा."

गाणं वाजलं, पण फोन लागेना. गाणी आणि कॉल यांच्या जोडण्या वेगवेगळ्या, हेही त्यांनाच ठाऊक. एक बटण दाबलं, झालं. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, दोनदा.

एक खोड मात्र आहे. तपासायला ते आधी स्वतःचा फोन जोडतात. अन् तो पुसायचं विसरतात.

परवा सगळ्या घरच्यांना घेऊन निघालो. पानठेल्यासमोर गाडी हळू केली, तोच गाडीभर आवाज घुमला, "अवो, कुटं हाव? लाखोरीची भाजी आनजा. अन् थो खर्रा थुका पहिले!"

बाहेर काकाजी कानाला फोन लावून "हॅलो, हॅलो" करत होते. मी घाबरून म्हणालो, "काकू, सांगतो त्यांना."

पलीकडे शांतता. मग, "तुमी कोन जी?"

तेवढ्यात काचेवर टकटक. काकाजींचा चेहरा फुलला होता. "पाहा, कसा मस्त जुडला!"