आधी लंडन की आधी मेलबर्न?

सावेडीतल्या कुठल्याही सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी तासभर बसा, जगाचा भूगोल फुकट शिकायला मिळतो. कुणाचा धाकटा न्यू जर्सीला, कुणाची थोरली मेलबर्नला, कुणाचा भाचा लंडनजवळच्या अशा गावात की त्याचं नाव मामांना अजून उच्चारता येत नाही. नगरचं अहिल्यानगर झालं तरी बाकावर अजून नगरच चालतं. आणि गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी येऊन थांबतात एकाच प्रश्नावर: सगळ्यांकडे जायचं तर कसं? एकेकाकडे जावं तर दर वेळी मुंबई गाठा, दर वेळी झोपेचं खोबरं करून घ्या आणि दर वेळी परतीचे पैसे मोजा. एका फेरीत उरकावं म्हटलं तर असलं तिकीट कळतंय कुणाला?

आमच्या बाकाला कळतं, कारण आमच्याकडे कंट्रोलर काका आहेत. काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. उमेदीची सगळी वर्षं माळीवाड्याच्या स्टँडवर गाड्या लावण्यात गेली, त्यामुळे वेळापत्रक नावाच्या गोष्टीपुढे ते आजही चप्पल काढून उभे राहतील. विमानाचा विषय निघाला की त्यांचा एक दाखला ठरलेला. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली. बरोबर आठवड्याने, 8 जूनला, एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. ‘‘आधी नगरची एसटी, मग लंडनचं विमान,’’ काका म्हणतात, ‘‘सीनियॉरिटी आपली.’’

जगाला फेरी मारणारं एकच तिकीट असतं, हे काकांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. ‘‘म्हणजे आपलं ‘आवडेल तेथे प्रवास’!’’ त्यांनी निकाल देऊन टाकला. एसटीचा तो पास चार किंवा सात दिवसांचा असतो. एकदा काढला की गाड्या हव्या तेवढ्या बदला, मागे फिरा, पुन्हा त्याच गावाला जा, कुणी विचारत नाही. रेल्वेचंही चक्राकार तिकीट आहे, त्यात आठ ठिकाणी उतरता येतं आणि शेवटी निघालो तिथेच परत यावं लागतं.

विमानवाले मात्र इतके दिलदार नाहीत. पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीने 1947 च्या जूनमध्ये जगाभोवती नियमित फेरी सुरू केली, तेव्हा एकाच कंपनीची विमानं जवळजवळ सगळीकडे जात होती. आता कंपन्यांनी आपापसांत मेतकूट जमवलं आहे. स्टार अलायन्स हे त्यातलं एक, आणि एअर इंडिया 2014 पासून त्यात आहे. त्यांचं तिकीट मैलांवर चालतं: 26,000, 29,000, 34,000 किंवा 39,000. थांबे जास्तीत जास्त पंधरा, मुदत वर्षाची. वनवर्ल्ड नावाचं दुसरं मेतकूट आहे, त्यांच्या एका तिकिटात मैल न मोजता खंड मोजतात. दोन्हीकडे मुख्य अट तीच: पूर्वेला निघालात तर पूर्वेलाच, पश्चिमेला निघालात तर पश्चिमेलाच. अटलांटिक एकदा, पॅसिफिक एकदा, आणि शेवट ज्या देशातून निघालो त्याच देशात.

हे ऐकून काकू म्हणाल्या, ‘‘अहो, ही तर अष्टविनायकाची यात्रा!’’ आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. शास्त्राप्रमाणे यात्रा मोरगावला सुरू होते आणि मोरगावलाच संपते. पण शास्त्राने दुसरा गणपती सांगितला आपल्या कर्जत तालुक्यातला सिद्धटेक आणि तिसरा थेट घाटाखालचं पाली. तसा क्रम धरला तर डिझेलमध्येच दिवाळं निघेल. म्हणून यात्रा कंपनीचा ड्रायव्हर आपला क्रम लावतो, गणपतीही रागावत नाही आणि पैसेही वाचतात. जगाच्या तिकिटातली स्वस्ताई एवढीच आहे. देवळं तीच, क्रम वेगळा.

काकांनी ‘कालनिर्णय’चं उलटलेलं पान घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि समासातल्या कोऱ्या जागेत मार्ग मांडला, अगदी स्टँडवरच्या फळ्यासारख्या सुवाच्य अक्षरात. मुंबई, लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, सिडनी, सिंगापूर, मुंबई. मैलांची बेरीज सव्वाचोवीस हजारांच्या आसपास आली, म्हणजे 26,000 च्या तिकिटात बसली. काकांनी बेरजेखाली दोन रेघा ओढल्या. मेलबर्न सिडनीपासून जवळच. उरलेल्या मैलांत तेही बसतं.

तेवढ्यात काकूंनी मेख मारली. ‘‘अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला जाताना तारीखरेषा लागते ना? मग एक तारीख गायब होते. त्याच तारखेला संकष्टी आली तर?’’ बाक गप्प. काका म्हणाले, ‘‘मग उलट जाऊ. आधी मेलबर्न, मग अमेरिका, शेवटी लंडन. तिकडून तारीख दोनदा येते.’’ ‘‘म्हणजे दोन उपास? आणि चंद्रोदय कुठला धरायचा?’’ एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांच्या नियमावल्या आहेत, पण या प्रश्नाचं कलम कुठेच नाही.

स्वस्त तिकिटाबद्दल बाकावर अंगारे-धुपारेही पुष्कळ. कुणी म्हणतं मंगळवारी मध्यरात्री काढा, कुणी म्हणतं मोबाइलवर गुपचूप खिडकी उघडून पाहा, म्हणजे कंपनीला आपली गरज कळत नाही. करून बघायला हरकत नाही. पण दर पडतात ते हंगामाने. मे-जूनमध्ये साऱ्या महाराष्ट्राचे आईवडील एकदम अमेरिकेला निघतात. डिसेंबरात ऑस्ट्रेलियात उन्हाळा, शाळांना सुट्टी आणि नाताळ एकाच वेळी असतो. अशा दिवसांत स्वस्त तिकीट शोधणं म्हणजे यात्रेच्या दिवशी मढीला मोकळी जागा शोधणं. तारीख चार दिवस इकडेतिकडे करायची तयारी ज्याची असते, त्याचेच पैसे वाचतात. निवृत्त माणसाकडे दुसरं काही नसलं तरी हे भांडवल भरपूर असतं.

काही धोके मात्र एसटीच्या माणसाला पटकन कळत नाहीत. पुण्याचं तिकीट काढून शिरूरला उतरलात आणि मिसळ खात बसलात तर कंडक्टर हसून सोडून देईल. विमानाचा मधला एक टप्पा न सांगता सोडलात तर पुढचं सगळं तिकीट रद्द होऊ शकतं. दुसरा मोह म्हणजे स्वस्तात मिळाली म्हणून दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं जोडणं. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. बॅग मध्येच उतरवून घ्यावी लागली तर त्या देशाचा व्हिसाही लागतो. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलाही लागतो. आणि बॅगेत चटणी, मसाले, कुरडया असतील तर ऑस्ट्रेलियात ते कागदावर लिहून द्यावं लागतं. काकूंनी त्या कागदासाठी कुरडईचं इंग्रजी आत्तापासूनच शोधायला घेतलं आहे.

खरं तर आपल्या जिल्ह्याला जगाची फेरी नवी नाही. अरणगावजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा 1932 मध्ये इंग्लंड, अमेरिका, होनोलुलू, शांघाय असे बोटीने जाऊन आले. 1925 पासून त्यांचं मौन होतं. ज्यांनी शब्दही न बोलता जग पाहिलं त्यांच्या जिल्ह्यात आम्ही एका तिकिटासाठी एजंटाशी तास तास बोलतो. दर वर्षी 31 जानेवारीला, बाबांच्या अमरतिथीला म्हणजे पुण्यतिथीला, देशोदेशीचे भक्त नगरला येतात. काका म्हणतात, बाबांच्या समाधीचं दर्शन झालं की त्या भक्तांनाच मार्ग विचारावा. उलटा प्रवास केलेल्या माणसाला सुलटा ठाऊक असतो. आणि काकडी गावाला 2017 पासून शिर्डीचं विमानतळ आहेच. शेवट निघालो त्याच देशात व्हावा एवढीच अट. तेव्हा परतताना दिल्लीला उतरून शिर्डीचं विमान मिळालं तर पृथ्वीप्रदक्षिणा कोपरगाव तालुक्यात संपवता येईल, हा काकांचा ताजा बेत.

तर बाकाचा निकाल असा. मुलं दोन ठिकाणी असतील तर जगाच्या तिकिटाच्या फंदात पडू नका. जाताना एका शहरात उतरायचं आणि येताना दुसऱ्याहून निघायचं, असं साधं अनेक थांब्यांचं तिकीट पुरतं. तीन किंवा जास्त ठिकाणं असतील, आणि ती अटलांटिक अन् पॅसिफिक या दोन्हींच्या पलीकडे असतील, तरच जगाच्या तिकिटाचा दर काढा. करासकट काढा आणि सुट्या तिकिटांच्या बेरजेशी ताडून पाहा. व्हिसे आधी, तिकीट नंतर. क्रम नकाशाला विचारून लावा. तिन्ही मुलांना मात्र एकाच फोनवर ‘आधी कुणाकडे येऊ?’ असं विचारू नका. त्या भांडणाचा खर्च कुठल्याच तिकिटात धरलेला नसतो.