नाकारलेल्या दाव्याचा धनी

ब्रिटनमधील मध्यमवर्गीय घरमालकांचे जे अनेक प्रकार नजरेस पडतात, त्यांपैकी नाकारलेल्या दाव्याचा धनी हा प्रकार ऋतुमानाशी बांधलेला असून त्याची उत्पत्ती बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, आणि त्यातही शुक्रवारी संध्याकाळी होते. त्या देशातील बहुसंख्य घरे गॅसवर चालणाऱ्या बॉयलरने तापतात. स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा जिन्याखाली बसवलेले हे यंत्र पाणी तापवते, ते पाणी नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीला लावलेल्या पोकळ पोलादी पाट्यांमध्ये फिरते, आणि यंत्र ‘कॉम्बी’ जातीचे असल्यास नळाला येणारे गरम पाणीही त्याच्याकडूनच मिळते, त्यामुळे ते बंद पडले की घरातली ऊब आणि आंघोळ एकाच क्षणी संपुष्टात येतात. अशी वेळ येऊ नये, निदान आली तरी आपल्याला काही करावे लागू नये, म्हणून हा गृहस्थ दरमहा काही पौंड भरून ‘बॉयलर कव्हर’ नावाचे संरक्षण घेतो. हे पैसे दुरुस्तीसाठी आहेत अशी त्याची आणि कंपनीचीही समजूत असते. वस्तुतः तो बॉयलरचा विचार न करण्याच्या हक्काचे भाडे भरत असतो, आणि दावा फेटाळला गेल्यावर त्याला येणारा संताप थंडीपेक्षा या हक्काच्या भंगातून उपजलेला असतो, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या पुढील वर्तनाचा उलगडा होत नाही.

दावा फेटाळला जाण्यापूर्वीची त्याची अवस्था निरागसतेची म्हणावी लागेल. अटी-शर्तींचा दस्तऐवज ईमेलने येतो, तो उघडला जात नाही, आणि तरीही ‘वाचले व मान्य केले’ या चौकोनात खूण झालेली असते. बॉयलर किती वर्षांचा आहे या प्रश्नाला त्याने ‘असेल दहाएक वर्षांचा’ असे उत्तर दिलेले असते. यंत्र घराबरोबरच विकत आलेले असल्याने त्याची जन्मतारीख कोणी विचारेल असे त्याच्या स्वप्नातही आलेले नसते, आणि ती यंत्रावरच्या क्रमांकावरून काढता येते हे तर त्याला कारागिराच्या तोंडूनच कळायचे असते. प्रेशर गेज, म्हणजे नळ्यांतील पाण्याचा दाब दाखवणारी छोटी तबकडी, आपल्या बॉयलरला आहे हा शोधही त्याला फोनवरची बाई ‘काटा एक आणि दीडच्या मध्ये आहे का?’ असे विचारते तेव्हाच लागतो. तत्पूर्वी त्याने फोनवरचे संगीत चाळीस मिनिटे ऐकलेले असते आणि ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ या विधानाबद्दल त्याचे स्वतंत्र मत बनू लागलेले असते.

त्यानंतर कारागीर येतो. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणाला हात लावायचा तर ‘गॅस सेफ रजिस्टर’ या नोंदवहीत नाव असावे लागते, आणि १ एप्रिल २००९ रोजी जुन्या ‘कॉर्गी’ नोंदणीची जागा घेतलेल्या या व्यवस्थेचे ओळखपत्र खिशात असलेला माणूस त्या घरात त्या दिवशी न्यायाधीशाच्या तोलाचा असतो. तो बॉयलरचे झाकण काढतो, आत पाहतो, दातांतून हवा आत ओढतो आणि थोड्या विरामानंतर एकच शब्द उच्चारतो, ‘स्लज’. स्लज म्हणजे गाळ. पोलादी रेडिएटर आतून गंजत जातात आणि त्या गंजाचे काळे, चुंबकाला चिकटणारे कण पाण्यात मिसळून तळाशी साचतात, त्यामुळे रेडिएटर वर गरम आणि खाली गार राहतो, पुढे पंप अडखळतो, आणि उष्णता पाण्याला देणारा मुख्य भाग चोंदतो. हा गाळ यंत्राचा बिघाड नसून देखभालीचा अभाव आहे अशी कंपन्यांची साधारण भूमिका असते, आणि म्हणून ‘पॉवर फ्लश’, म्हणजे जोराच्या प्रवाहाने आणि रसायनांनी सगळ्या नळ्या धुऊन काढण्याचा काही शे पौंडांचा विधी, ग्राहकाने स्वखर्चाने उरकावा, मग आपण पाहू, असे उत्तर मिळते. कारागीर निघून जातो, घर गारच राहते, आणि नाकारलेल्या दाव्याचा धनी जन्माला येतो.

जन्मानंतरच्या पहिल्या रात्री तो अटी-शर्तींचा तो दस्तऐवज उघडतो. ज्याने आयुष्यात गृहकर्जाचा करार वाचला नाही, लग्नाच्या नोंदणीचा कागदही न वाचता सही केली, तो माणूस अंगावर रजई घेऊन एकेका अपवादाचा, म्हणजे कोणत्या प्रसंगी कंपनी पैसे देणार नाही हे सांगणाऱ्या कलमाचा, पदच्छेद करत पहाटेपर्यंत बसतो. ‘झीज’ आणि ‘बिघाड’ यांत सीमारेषा कोठे आहे, पंप झिजल्यामुळे बिघडला की बिघडल्यामुळे झिजला, ‘दुरुस्ती परवडण्यापलीकडे’ या शब्दांत कोणाला परवडण्याची गोष्ट आहे, असे प्रश्न त्याला पडू लागतात, आणि खरे तर ते वाईट प्रश्न नसतात. ‘आधीपासूनचा दोष’ या अपवादापाशी मात्र तो सर्वांत जास्त रेंगाळतो. मेडिक्लेमच्या व्यवहारात पॉलिसीपूर्वीच्या आजाराचे जे स्थान, तेच येथे पॉलिसीपूर्वीच्या बिघाडाचे आहे, आणि सुरुवातीच्या काही दिवसांत दावाच करता येत नाही हा नियमही त्याच संशयातून आलेला आहे. फरक इतकाच की माणसाला पूर्वी दुखत होते का हे निदान त्याला विचारता तरी येते.

आठवडाभरात त्याला कायदा येऊ लागतो. विम्याचा दावा ज्या घटनेबद्दल आहे ती घडली हे ग्राहकाने दाखवायचे, पण अपवाद लागू पडतो हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, हे तत्त्व कळल्यावर त्याच्या चालण्यात फरक पडतो. ग्राहकहक्क कायदा, २०१५ याच्या कलम ६९ प्रमाणे करारातील शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर ग्राहकाला अनुकूल असलेला अर्थ ग्राह्य धरावा लागतो, हे तो न्याहारीच्या टेबलावर मुलांना सांगतो. बॉयलरच्या वयाबद्दलचे ‘दहाएक’ हे उत्तर त्याला पूर्वी टोचत असे; परंतु ग्राहकाने माहिती देताना वाजवी काळजी घ्यावी एवढीच अपेक्षा २०१२चा ग्राहकविमा कायदा करतो असे वाचल्यापासून त्या ‘एक’ या प्रत्ययावर त्याची भिस्त असते. त्याचा हुकमी मुद्दा मात्र कायद्याचा नसून साध्या व्यवहाराचा आहे, आणि तो खरोखर बिनतोड आहे: सलग सहा वर्षे कंपनीचाच माणूस दरवर्षी सर्व्हिसिंगला येऊन सही करून जात होता, तर त्याला हा गाळ एकदाही कसा दिसला नाही? वार्षिक भेटीत यंत्र सुरक्षित चालते एवढेच पाहिले जाते, नळ्यांच्या पोटात डोकावले जात नाही, असे कंपनी यावर म्हणते; आणि मग ‘सर्व्हिसिंग’ या नावाखाली नेमके काय विकले गेले या विषयावर पत्रव्यवहाराचा दुसरा खंड सुरू होतो.

या टप्प्यावर काही दुर्दैवी जनांना असा शोध लागतो की आपण घेतला तो विमा नव्हताच. बाजारात ‘कव्हर’ या एकाच नावाने दोन भिन्न वस्तू मिळतात. एक नियमनाखालचा विमा आणि दुसरा निव्वळ सेवाकरार, ज्यात कंपनी नुकसानभरपाईचे नव्हे तर काम करून देण्याचे वचन देते. साधारणतः पहिल्यावर १२ टक्के विमाप्रीमियम कर लागतो आणि दुसऱ्यावर २० टक्के मूल्यवर्धित कर, त्यामुळे जाणकार धनी पावतीवरचा कर पाहूनच आपला धर्म ओळखतो. सेवाकरारवाल्याला ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या वित्तीय लोकपालाचे दार बंद असू शकते आणि त्याला लहान दाव्यांच्या न्यायालयाची पायरी चढावी लागते; अशा माणसाशी बोलताना विमावाला धनी थोडा उच्चासनावर बसतो.

घरातल्यांचे या काळात काय होते, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. विजेचे दोन हीटर आणले जातात, त्यांचे बिल तो दाव्यात जोडतो, आणि अखेरीस पत्नी शेजाऱ्यांच्या ओळखीचा एक स्वतंत्र कारागीर बोलावून बॉयलर चालू करून घेते. कोणालाही वाटेल की येथे प्रकरण मिटले. धन्याच्या दृष्टीने मात्र पुराव्याची नासाडी झालेली असते. कारागीर ओतून टाकायला निघालेले काळे पाणी तो ऐन वेळी जॅमच्या बरणीत भरून घेतो, तिच्यावर तारखेची चिठ्ठी डकवतो आणि ती बरणी वसंत ऋतूपर्यंत खिडकीत उभी राहते, कारण त्यातला गाळ पंप बंद पाडण्याइतका दाट नाही असे त्याचे ठाम मत असते.

लंडन आणि त्याच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरमालकांत या प्रकाराची एक सुधारलेली उपजात आढळते. भारतातल्या मेडिक्लेमचे कागद ज्याने एकदा जुळवले आहेत, त्याला कोणतीही कंपनी कागदांच्या बाबतीत उणे दाखवू शकत नाही. प्रत्येक पावतीच्या तीन झेरॉक्स, फोनवर बोललेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव आणि वेळ, आणि कारागिराच्या अहवालातील शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने, अशी त्याची फाइल असते. नेमक्या त्याच हिवाळ्यात मुलाकडे राहायला आलेली आई कानटोपी घालून, शालीवर शाल पांघरून बसलेली असते आणि मधूनच म्हणते, “अरे, आपल्या बंबाला कधी विमा लागला नाही.” या विधानाला फाइलमध्ये उत्तर नसते.

तक्रार आल्यावर अंतिम उत्तर देण्यास कंपनीला आठ आठवड्यांची मुदत असते, म्हणजे हिवाळ्याचा बहुतेक भाग त्यातच सरतो. त्या उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत ग्राहक वित्तीय लोकपालाकडे जाऊ शकतो. २०००च्या कायद्याने उभी राहिलेली ही संस्था ग्राहकाकडून शुल्क घेत नाही, कायद्याच्या अक्षराबरोबरच सर्व परिस्थितीत न्याय्य आणि वाजवी काय याचा विचार करते, आणि ग्राहकाने तिचा अंतिम निर्णय स्वीकारला तर तो कंपनीवर बंधनकारक होतो. व्यवस्था चांगली आहे यात शंका नाही. तिला पोहोचणारी पत्रे मात्र धन्याने लिहिलेली असतात. चौदा पानांच्या निवेदनात बॉयलरचा उल्लेख पाचव्या पानावर येतो, तोवर फोनवरच्या संगीताचाच समाचार चाललेला असतो.

निर्णय अनेकदा असा येतो की गाळाबाबतचा अपवाद स्पष्ट होता आणि कंपनीने तो लावला यात गैर नाही, परंतु फोनला उत्तर देण्यात आणि कारागीर पाठवण्यात तिने दिरंगाई केली, सबब मनस्तापाबद्दल काही पौंड द्यावेत. या निकालाने दोन्ही पक्ष जिंकतात. कंपनी तो प्रशिक्षणात वापरते आणि धनी नातेवाइकांना पाठवतो. २०१३पासून असे निर्णय ग्राहकाचे नाव गाळून प्रसिद्ध होत असल्यामुळे त्यात तो केवळ ‘मिस्टर के’ असतो, आणि तो ‘के’ आपणच हे प्रत्येकाला समजावून सांगण्यात त्याचा उन्हाळा बरा जातो.

पुढे जुना बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता खेचून घरात आणणारे विजेचे यंत्र, बसवण्याचा विचार घरात सुरू होतो, कारण ऑक्टोबर २०२३पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी ७,५०० पौंडांचे सरकारी अनुदान मिळते. बसवणाऱ्या कंपनीचा तरुण खिडक्यांची मापे घ्यायला येतो आणि घर किती अंशांपर्यंत तापावे अशी अपेक्षा आहे, असे नम्रपणे विचारतो. धनी त्याला बसायला सांगतो, आतून चष्मा आणतो आणि तुमच्या करारात ‘गाळ’ या शब्दाची व्याख्या कोणत्या कलमात केली आहे, असे विचारतो.