रात्री अडीचचा गजर

काटकसर आमच्याकडे वंशपरंपरेने चालत आलेली. आत माणूस असला तरी वडील बाहेर पडताना दिवा घालवत. आजी एक जळकी काडी तीन चुली पेटेपर्यंत टाकत नसे. आता माझ्या वाट्याला मोबाइलची बॅटरी आली आहे.

"मामा, ब्राइटनेस केवढा ठेवलायस!" असं भाचा ओरडला तिथून हे सुरू झालं. बॅटरी खाण्यात पडद्याचा उजेड आघाडीवर, हे खरंच. मी तो इतका उतरवला की आलेला मेसेज वाचायला बायकोच्या मोबाइलचा टॉर्च लागतो.

मग डार्क मोड. ओलेड पडद्यावर काळा ठिपका म्हणजे विझलेलाच ठिपका, तिथे बचत होते. माझ्या फोनला एलसीडी. तिच्यामागचा दिवा आमच्या सोसायटीच्या जिन्यातल्या दिव्यासारखा. कोणी बघो न बघो, जळतोच. महिनाभर काळ्यावर पांढरं वाचून चष्म्याचा नंबर वाढला, बॅटरी होती तिथेच.

उघडी ॲपं दर पाच मिनिटांनी वर सरकवून हाकलायची, हे माझं आवडतं काम. मागे निजलेलं ॲप सहसा फार काही खात नाही, उलट त्याला मारून पुन्हा पहिल्यापासून उठवण्यातच खर्च जास्त, असं भाच्याने समजावलं. असेल. पण केर काढल्याचं समाधान त्याला कुठून कळणार?

खरा घोळ चार्जिंगचा. सासऱ्यांचं म्हणणं, पूर्ण उतरू द्या, मगच लावा. हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियमला असे निर्जळी उपास सोसत नाहीत. तिला २० ते ८० टक्क्यांत ठेवावं आणि उन्हात तापवू नये. (हे सासऱ्यांना सांगायला भाच्याला पाठवलं आहे.) नव्या फोनांत ८० वर आपोआप थांबायची सोय असते. माझ्या फोनची ती सोय म्हणजे मी. रात्री अडीचचा गजर लावून उठतो आणि पिन काढतो.

ह्या लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. त्या वयात नोबेल घेणारे ते पहिलेच. त्यांची स्वतःची बॅटरी अशी, आणि माझ्या फोनची दुपारी दोनला मान टाकणारी!

गेल्या महिन्यात कुडाळला निघालो. रेंज नसली की फोन टॉवर शोधत जास्त जोर लावतो, आणि कोकण रेल्वेवर तर बोगद्यांमागून बोगदे. म्हणून साडेसहा किलोमीटरच्या करबुड्याच्या आधीच विमान मोड लावला. लावला, तो लावलाच. मेहुणा तिकडे फोनवर फोन करत होता, की मी कणकवलीत अडकलोय, तुम्ही तिथेच उतरा. बायकोचा फोन चिपळूणलाच संपला होता. टॉर्च तोच ना.

कुडाळच्या फलाटावर आम्ही दोन तास बॅगांवर बसून होतो. मी हळूच फोन काढून पाहिला आणि न राहवून म्हणालो, "अजून ७१ टक्के आहे हां!"

"हो का?" बायको म्हणाली. "मग त्यावर बसून जाऊ या घरी."