'पोनित से सुपर पात्रियाम' यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री 'पोनित से सुपर पात्रियाम' यांसी, मुक्काम अंधेरी येथून कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

इंग्लंडच्या अदालतींत कित्येक शतके प्रतिवादीच्या कैफियतीअखेर विराजमान होऊन, हा इसम आपला निवाडा देशावर, म्हणजे बारा पंचांवर, सोपवीत आहे अशी द्वाही आपण फिरवीत होता. १७३३ पासून तेथील कामकाज लॅटिनऐवजी इंग्रजीत चालू लागल्यामुळे आपणांस सेवानिवृत्ती पत्करावी लागली, तरी आपला आशय गलबतात बसून मुंबईस आला आणि पुढे फोर्टात नऊ ज्यूरर्सच्या रूपाने चांगला स्थिरावला.

हा आपला देश मात्र अंमळ लहरी निघाला. १९०८ साली 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या वाट्यास आलेल्या देशात सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थ होते. मराठी लेखांची पारख त्यांनी इंग्रजी तर्जुम्यांवरून करून सात विरुद्ध दोन मतांनी त्यांस दोषी ठरविले, आणि न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची हद्दपारी फर्मावली. उलट १९५९ साली खुनाच्या खटल्यात कमांडर नानावटींवर हाच देश असा प्रसन्न झाला, की आठ विरुद्ध एक मतांनी त्याने त्यांस निर्दोष म्हटले. सेशन्स न्यायाधीश मेहता यांनी तो कौल अमान्य करून प्रकरण हायकोर्टाकडे धाडले, तेथे जन्मठेप झाली, व १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीस थाराच उरला नाही. (पारशी विवाहाच्या दाव्यांत 'डेलिगेट' नावाने आपला एक दूरचा नातलग अद्याप तग धरून आहे, हे ऐकून संतोष वाटावा.) आपली भावंडे हेबियस कॉर्पस आणि मँडेमस यांनी मात्र वेळीच वशिला लावून संविधानाच्या ३२व्या अनुच्छेदात जागा पटकावली.

आम्हां उपनगरवासीयांची तक्रार निराळीच आहे. आमचे खटले चालतात त्या दंडाधिकाऱ्यांपुढे ज्यूरी कधी बसतच नसल्यामुळे आमच्या वाट्यास आपण आलाच नाहीत. आणि देश तर आमच्याकडे विपुल! बोरिवलीहून, मुलुंडहून, घाटकोपरहून आलेला तो देश कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा असतो. कोणी समन्सची घडी उलगडून तारीख पुनःपुन्हा वाचतो, कोणी मांडीवर डबा उघडून पोळीचा तुकडा मोडतो न मोडतो तोच शिपाई पुकारा करतो.

तरी आपणांस पुनरागमनाची इच्छा असल्यास, वकीलपत्रावर योग्य तो स्टॅम्प लावून अकराच्या आत हजर व्हावे. पुकाऱ्यास ओ न दिल्यास रोजनाम्यात गैरहजेरीचा शेरा पडेल, आणि पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
उपनगरातील एक पक्षकार