समस्त मूषकवर्गास खुले पत्र

प्रति,
समस्त मूषकवर्ग,
हौशी बोटींचे तळ, मुंबई बंदर.

विषय: हौशी बोटीच्या विमा पॉलिसीत काय भरून मिळते व काय मिळत नाही, याबाबत.

हौशी बोटीचा विमा हा समुद्राचा विमा नसून अपघाताचा विमा आहे. पॉलिसीची निम्मी पाने एवढेच सांगण्यात खर्ची पडलेली असतात. बोटमालक ती पाने सहसा उघडत नाहीत. मूषकवर्ग ती कुरतडतो, म्हणजे निदान त्यांच्या आत तरी शिरतो. म्हणून हे पत्र मालकांना न लिहिता मूषकवर्गास लिहिण्यात येत आहे. शिवाय त्यास कायदेशीर आधारही आहे. भारताचा सागरी विमा कायदा 1963 चा, आणि तो इंग्लंडच्या 1906 च्या कायद्यावर बेतलेला. दोन्हींच्या 55 व्या कलमात, पॉलिसीत वेगळे काही ठरले नसेल तर कंपनी कशाची भरपाई देणार नाही ते दिले आहे: नेहमीची झीज, नेहमीची गळती, वस्तूचा अंगभूत दोष, आणि उंदरांनी केलेले नुकसान. नावानिशी उल्लेख फक्त उंदराचा. बाकीच्या उपद्रवी जीवांची एका शब्दात बोळवण केलेली आहे.

कायद्याला अभिप्रेत असलेले समुद्राचे संकट म्हणजे अवचित घडलेली दुर्घटना. वाऱ्याचा आणि लाटांचा रोजचा मारा त्यात धरलेला नाही. घारापुरीच्या वाटेवर तरंगत्या ओंडक्यावर आपटून बोटीचा तळ फुटला, तर ते संकट. तीच बोट चार वर्षे सांध्यांतून झिरपत राहिली आणि एखाद्या शांत रात्री बोयापाशीच बसली, तर तो निष्काळजीपणाचा हिशेब. मालकाच्या लेखी दोन्ही बोटी बुडालेल्याच. पण बोट कितव्या फुटावर बुडाली हे कंपनी विचारत नाही, कशाने बुडाली हे विचारते.

या ‘कशाने’चा कीस मूषकवर्गामुळेच निघालेला आहे. तांदूळ घेऊन निघालेल्या एका जहाजावर उंदरांनी नळी कुरतडली, तीतून समुद्राचे पाणी आत आले आणि तांदूळ भिजला. प्रकरण 1887 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. वाद विम्याचा नव्हता, मालवाहतुकीच्या कराराचा होता. पण प्रश्न तोच होता. न्यायमूर्तींनी ठरवले की जहाजमालकाची हयगय नसताना पाणी आत घुसणे ही समुद्रावरची दुर्घटनाच होय, मग भोक कोणी का पाडलेले असेना. उंदरांनी थेट तांदूळ खाल्ला असता, तर गोष्ट वेगळी होती. हौशी बोटीच्या मालकाने यातून इतकेच घ्यायचे की कुरतडलेली नळी स्वतःच्या पैशाने बदलायची. बोट बुडाली तर तिच्या भरपाईसाठी भांडता येते, पण पाइपाची तपासणी वेळेवर होत होती याचे कागद जवळ असले तरच.

यॉट आणि स्पीडबोटींच्या पॉलिसीला अनेकदा लंडनमध्ये तयार झालेल्या नमुना अटी जोडलेल्या असतात. ‘इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस’ हे त्यांचे नाव आणि 1 नोव्हेंबर 1985 ही तारीख. भाषा रुक्ष आहे, पण लिहिणाऱ्याने बोटी जवळून पाहिलेल्या आहेत हे पानोपानी जाणवते.

पहिला मुद्दा बोट कुठे आणि केव्हा चालेल याचा. पॉलिसीच्या तक्त्यात जलक्षेत्राची हद्द लिहिलेली असते, आणि बोट कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापराबाहेर राहील तेही. ही मालकाने कंपनीला दिलेली हमी असते. कोकण किनाऱ्यावर याचा संबंध थेट पावसाळ्याशी येतो. समजा, 1 जून ते 30 सप्टेंबर बोट काठावर ओढून ठेवलेली असेल असे तक्त्यात आहे. मालक मात्र नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दुसऱ्याच दिवशी बोट पाण्यात लोटतो. दर्याला तिथी चालते, पॉलिसीला तारीख लागते. दुसऱ्या टोकालाही तेच. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले ते 3 जून 2020 ला. ‘या आठवड्यात काढू’ म्हणत ज्याची बोट त्या दिवशी बोयालाच होती आणि तक्त्यात 1 जून होता, त्याची बाजू दावा लिहिण्याआधीच लंगडी. भारतीय कायदा याबाबत फार कडक आहे. हमी मोडली की त्या क्षणापासून कंपनी मोकळी होते. मोडलेल्या हमीचा नुकसानीशी संबंध असो वा नसो, आणि चूक नंतर सुधारली तरीही. इंग्लंडने 2015 च्या कायद्याने ही धार बोथट केली. भारतात 1963 चीच धार आहे.

दुसरी हमी वापराची. बोट खासगी मौजेसाठीच वापरायची, भाड्याने द्यायची नाही. गेटवेहून मांडव्याला ओळखीच्या चौघांना पैसे घेऊन सोडणे, गोव्यात मांडवी नदीवर सूर्यास्ताच्या फेरीसाठी तासावर बोट देणे, हे सारे भाडेच. व्यवहार रोखीने झाला म्हणून तो मौज ठरत नाही. बोट भाड्याने द्यायचीच असेल तर तसे आधी सांगून जादा हप्ता भरावा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रत्यक्ष बोटीच्या नुकसानीचे कलम उदार आहे. समुद्राची संकटे, आग, चोरी, टक्कर यांची भरपाई आहे. बोट पाण्यात उतरवताना किंवा वर काढताना झालेल्या अपघाताचीही आहे. दडलेल्या दोषामुळे शाफ्ट तुटून आणखी काही मोडले, तर त्या ‘आणखी काही’चे पैसे मिळतात; सदोष भागाचे मात्र मिळत नाहीत. उदारपणा इथे आटोपतो. पुढची यादी वाचताना मालकाने बसून घ्यावे.

आउटबोर्ड इंजिन बोटीच्या मागच्या फळीला अनेकदा नुसत्या दोन पकडस्क्रूंनी आवळलेले असते. धक्क्यांनी ते सैल होते, आणि एके दिवशी इंजिन निसटून खाडीच्या चिखलात जाते. याची भरपाई नाही, असे अटींत स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. इंजिन चोरीला गेले तर भरपाई आहे. पण नेहमीच्या पकडीखेरीज वेगळे चोरीरोधक कुलूप घातलेले असेल तरच. स्वस्तातल्या कुलपावाचून महागडे इंजिन सोडून देणारे मालक पाहिले की मूषकवर्गाच्या व्यवहारचातुर्याबद्दल आदर वाढतो. छोटी होडी, म्हणजे टेंडर, हिच्यावर मुख्य बोटीचे नाव कायमस्वरूपी कोरलेले वा रंगवलेले नसेल, तर तीही विम्याबाहेर. उभारलेली शिडे नुसत्या वाऱ्याने फाटली तर नाही. शर्यतीत डोलकाठी मोडली तर वेगळे कलम घेतल्याखेरीज नाही. प्रवाशांचे कपडे, घड्याळे, डब्यातले खाणे, मासे पकडायचे सामान हेही नाही. युद्ध आणि संप यांच्याविषयीची नेहमीची कलमे आहेतच.

ज्या बोटीचा कमाल वेग 17 नॉट, म्हणजे ताशी साधारण 31 किलोमीटर, किंवा त्याहून अधिक धरलेला असतो, तिला स्पीडबोटीचे खास कलम लागते. मुंबई-अलिबागच्या हौशी वर्गाने ते पाठ करावे असे आहे. बोट उघड्या किनाऱ्यासमोर नांगरून, कोणी राखण न ठेवता सोडून दिली आणि ती बुडाली, पाण्याने भरली, किनाऱ्याला लागली किंवा दोर तोडून वाहत गेली, तर काहीही मिळत नाही. किहीम किंवा वरसोलीसमोर नांगर टाकायचा, सगळ्यांनी उतरून जेवायला जायचे आणि ओहोटीला परत यायचे, हा शनिवारचा शिरस्ता नेमका या कलमात बसतो. एका खलाशाला बोटीवर थांबवून त्याचे जेवण डब्यात नेणे हा उपाय आहे, आणि तो हप्त्यापेक्षा स्वस्त आहे. त्याच कलमानुसार बोट चालू असताना मालक किंवा दुसरी जाणती व्यक्ती तिच्यावर हजर हवी, आणि ताबाही तिच्याकडेच हवा.

तिसऱ्या पक्षाची जबाबदारी हा पॉलिसीचा सर्वांत मोलाचा भाग, आणि सर्वांत कमी वाचला जाणारा. बोट गेली तर बोटीइतकेच नुकसान होते. बोटीने दुसऱ्याचा जीव घेतला तर नुकसानीला तळ नसतो. दुसऱ्याच्या जिवाला वा मालमत्तेला झालेली इजा या भागात येते, आणि बुडालेली बोट उचलून मार्ग मोकळा करण्याचा खर्चही येतो. कित्येकदा हा खर्च बोटीच्या किमतीहून जड असतो. इथेही वगळलेल्यांची रांग आहे. पाण्यावर स्कीइंग करणारा पाहुणा वेगळ्या सोयीवाचून बाहेर. मालकाच्या पगारावरचा तांडेलही बाहेर. त्याच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी लागते. ती घेतल्याचे तांडेलाने स्वतः विचारून खात्री करून घ्यावी. मालकाच्या परवानगीने मित्राने बोट चालवली तर त्याला संरक्षण आहे. बोट दुरुस्तीला दिल्यावर तिथल्या कामगाराने चालवून कोणाला धडकवली तर त्या कामगाराला नाही.

पैशांबाबत दोन गोष्टी. ठरलेल्या मूल्याची पॉलिसी असेल तर संपूर्ण नुकसानीत तेच मूल्य मिळते. बाजारभावाची असेल तर त्या दिवशीची किंमत, आणि जुन्या बोटीच्या त्या दिवशीच्या किमतीने कोणीही सुखावत नाही. शिडे, दोरखंड, आउटबोर्ड असा झिजणारा माल नवा घालावा लागला तर कंपनी एक तृतीयांशापर्यंत रक्कम कापू शकते.

प्रस्तावाचा अर्ज भरताना काही लपवू नये. सागरी विमा परम सद्भावाचा करार मानला जातो. बोटीचे खरे वय, आधीचे दावे, पूर्वी कोणी विमा नाकारला होता का, पावसाळ्यात ती नेमकी कुठे असते, हे विचारले नसले तरी सांगावे. लपवलेली गोष्ट दाव्याच्या दिवशी हमखास वर येते.

दुर्घटना घडल्यावर नुकसान वाढू न देणे हे मालकाचे कर्तव्य असते, आणि त्यासाठी केलेला वाजवी खर्च परत मिळतो. पाणी उपसावे, बोट सुरक्षित जागी ओढावी, फोटो काढावेत आणि त्याच दिवशी कंपनीला कळवावे. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत तुटलेला भाग फेकू नये, दुरुस्तीही उरकू नये. पॉलिसीची प्रत बोटीत ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. ती सोडावी आणि कागद घरी, पत्र्याच्या पेटीत ठेवावेत.

कळावे. लोभ कमी असावा, ही विनंती.