निवासी स्वरूप

आमच्या सोसायटीने हायकोर्टात जायचं ठरवलं आहे. दर फ्लॅटमागे दोन हजार रुपये वर्गणी. गणपतीचे पाचशे मागायला गेलं की आतून टीव्हीचा आवाज बंद करणारी माणसं या वेळी न मागता पैसे पाठवताहेत, यावरून विषय किती जिव्हाळ्याचा आहे ते ओळखा. शेजारी मोकळा प्लॉट आहे, त्यावर वाहनतळाचं आरक्षण आहे. ते बदलून तिथे बेघरांसाठी निवारा करायचा प्रस्ताव निघाला. नगररचना कायद्याच्या कलम 37 ची नोटीस, हरकतींना एक महिना. त्या महिन्यात कमिटीने जेवढा कायदा वाचला, तेवढा लिफ्टचा करार वाचला असता तर लिफ्ट आज चालू असती.

याचिकेचा मसुदा सेक्रेटरींनी मला शुद्धलेखनासाठी दिला. मुद्दा क्रमांक 4: ‘सदर ठिकाणी इसम वास्तव्यास आल्यास परिसराचे निवासी स्वरूप बाधित होईल.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं.

म्हणजे माणसं राहायला आली की निवासी स्वरूप बिघडतं. इतकी वर्षं कशाकशाने बिघडलं नाही ते बघा. ए विंगच्या तळमजल्यावर पोळीभाजी केंद्र आहे, त्याचे आठ सिलिंडर जिन्याच्या तोंडाशी उभे असतात, स्वरूप ठणठणीत. त्यावर दातांचा दवाखाना, त्यावर दहावीचे क्लासेस, सुटले की साठ पोरं एकदम जिना उतरतात. स्वरूपाला ओरखडा नाही. बी विंगमधल्या एका फ्लॅटमध्ये हिंजवडीत नोकरी करणारी चौदा पोरं राहतात; मालक बाणेरला राहतो आणि भाडं वेळेवर येतं, म्हणून स्वरूप उलट सुधारलं. गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. मागच्या लॉन्सवर लग्नसराईत डीजे असा वाजतो की आमच्या फडताळातले कप आपोआप सरकतात. कोपऱ्यावर वाइन शॉप आहे, आणि त्याच्या गिऱ्हाइकांना आमच्याच कंपाउंडची भिंत सोयीची पडते. हे सगळं निवासी. आता एक माणूस रात्री नऊला येणार, सतरंजी पसरणार, झोपणार आणि सकाळी कामावर जाणार. बस, संपलं निवासी स्वरूप!

आता प्लॉटवर आज काय आहे ते सांगतो. आमच्या मोटारी. पार्किंग विकत घ्यायच्या वेळी ज्यांनी ‘बघू पुढे’ म्हटलं, त्यांच्या एकतीस गाड्या तिथे फुकट उभ्या असतात. मसुद्यात त्यांचा उल्लेख ‘हरित पट्टा’ असा आहे, कारण एका गाडीवर हिरवं कव्हर आहे. सरकारी योजनेच्या हिशेबाने निवाऱ्यात माणशी जागा 50 चौरस फूट. मोटारीला नियमाने अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे 135 चौरस फूट. एका मोटारीच्या जागेत जवळजवळ पावणेतीन माणसं झोपतात. त्या योजनेत शहरी भागात दर लाख लोकसंख्येमागे निदान शंभर जणांचा निवारा असावा असं 2013 सालीच छापलं होतं, आणि 2011 च्या जनगणनेतच आमचं पिंपरी-चिंचवड सतरा लाखांवर गेलं होतं. भागाकार कमिटीला येतो. पण सतरापैकी एकही आपल्या वाट्याला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. ‘आमचा विरोध नाहीच, फक्त जागा चुकली.’ बरोबर जागा विचारली की सगळे नदीपलीकडे बोट दाखवतात.

नदीवरून आठवलं. मुद्दा क्रमांक 7: प्लॉट पवनेच्या पूररेषेजवळ असल्याने बेघरांच्या जिवाला धोका. केवढी ही माया! 2019 च्या ऑगस्टमध्ये पवना आमच्या बी विंगच्या पार्किंगमध्ये स्वतः येऊन गेली, तेव्हा पूररेषा हा शब्द काढला तरी फ्लॅटचे भाव पडतील म्हणून मीटिंगमध्ये मला खाली बसवलं होतं. ही सबब नवी नाही. टेक्सासात क्लेबर्न नावाचं गाव आहे. तिथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या तेरा जणांच्या घराला नगरपालिकेने खास परवान्याची अट लावून तो नाकारला, आणि कारणांत पाचशे वर्षांतून एकदा येणारा पूर दाखवला. 1985 साली निकाल लागला: पूर निमित्त आहे, तुमच्या मनात अढी आहे. आमच्या सेक्रेटरींनी क्लेबर्नचं नावही ऐकलेलं नाही. अशा बुद्धीला पासपोर्ट लागत नाही.

हे ‘इसम’ कोण ते बघायचं असेल तर जवळच्या डांगे चौकात सकाळी आठला मजूर अड्ड्यावर उभं राहा. टाइल्स बसवायच्यात, टाकी साफ करायचीय, फ्रिज चौथ्या मजल्यावर चढवायचाय (लिफ्ट बंद), की हेच सह्या करणारे हात गाडीच्या काचेतून बाहेर येतात: ‘ए, दोन जण चल.’ सकाळी आठला तो ‘लेबर’ असतो. रात्री आठला तोच ‘इसम’ होतो.

आणि हे म्हणतंय कोण? मी 1986 साली बार्शीहून पत्र्याची ट्रंक घेऊन थेरगावात उतरलो, तेव्हा कॉट बेसिसवर राहायचो. मी पहिल्या पाळीला उठलो की रातपाळीचा माणूस माझ्याच गादीवर आडवा व्हायचा. गादी कधी गार पडली नाही. सेक्रेटरी त्याच खोलीत दाराजवळच्या कॉटवर होते. आमच्या वास्तव्याने गावठाणाचं स्वरूप बाधित होतं, असं तेव्हा कुणी कोर्टात लिहून दिलं असतं, तर आज हा माणूस कुठल्या तोंडाने ‘इसम’ म्हणाला असता? लाज वाटायला दोन हजार रुपये लागत नाहीत. माझी वर्गणी मी दिलेली नाही. गेल्या आठवड्यापासून माझ्या नळाला पाणी कमी येतं, तो योगायोग असेल.

बाकी तयारी जोरात आहे. ‘कायम वास्तव्यास असलेले रहिवासी’ अशा दीडशे सह्या हव्यात. निम्मे मालक बाहेर राहतात, तेव्हा आकडा भरायला वॉचमन मामांचीही सही घेतली. चोवीस तास इथे असणारे तेच एकटे. पत्त्याच्या रकान्यात मामांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘ए विंग, जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे.’

वकील म्हणाले, हा पत्ता गेला तर मुद्दा क्रमांक 4 अडचणीत येईल. सेक्रेटरींनी व्हाइटनर आणायला मामांनाच पाठवलं आहे.